विहिरीच्या ५४ फुटांत गेरू, मांजऱ्या आणि पांढरे स्फटिक: घरच्या घरी ओळखायचे कसे?

माणगंगाकाठ, दहिवडी

नमस्कार मंडळी. माण तालुक्यात विहिरीचं काम चालू आहे, ५४ फुटांपर्यंत उतरलोय. कडेनं टेप सोडून थर मोजून घेतलेत. वरची ४ फूट काळी माती, तिच्या तळाला चुनखडीचे खडे. तिथून १५ फुटांपर्यंत मुरूम, आणि त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे. १५ ते ३१ घट्ट काळा पाषाण, उभ्या चिरांचा. ३१ ते ३३ लालभडक गेरू, ओला असला की बोटानं उकरता येतो. ३३ ते ४७ मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड, पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेला, मधूनमधून मुठीएवढ्या पोकळ्या. ४७ च्या खाली परत काळा पाषाण. पाझर आहे तो ३१ फुटांवर, गेरूच्या डोक्यावरून.

३६ ते ४० फुटांतल्या पोकळ्यांतून स्फटिक निघालेत. एक प्रकार गुलाबीसर पांढरा, पसरट. दुसरा काचेसारखा. तिसऱ्याची टोकं चौकोनी. काही पोकळ्यांत नुसत्या पांढऱ्या सुया आहेत. आणखी एक पांढरा होता, तो घरात ठेवल्यावर आठवड्यात पिठासारखा झाला. पोकळ्यांच्या आतून हिरवा लेप आहे, त्यामुळे खाली तांबं आहे असं काही जण म्हणतात.

विचारायचं ते असं. दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल थर आला कुठून? हे स्फटिक प्रयोगशाळेत न नेता ओळखता येतील का? अजून खाली गेलं तर पाणी वाढेल का? आणि या काळ्या पाषाणाच्या तळाशी नेमकं काय आहे? लाव्हा अजून गरम असतो असं ऐकलंय.

कातळरेघ, कराड

दादा, थर मोजून टाकलेत हे फार चांगलं केलंत. नुसत्या फोटोवरून इतकं सांगता आलं नसतं.

विहिरीची भिंत खालून वर वाचायची, कारण खालचा थर आधी आलेला असतो. तुमच्या विहिरीत लाव्हाचे दोन प्रवाह एकावर एक बसलेत. प्रत्येक प्रवाहाला एक पोट आणि एक डोकं असतं. लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो तेव्हा त्यात वाफ आणि वायू विरघळलेले असतात. ते बुडबुडे होऊन वर सरकतात. तोवर वरची साय धरलेली असते, म्हणून ते तिच्याखाली अडकतात. त्यामुळे प्रवाहाचं डोकं सच्छिद्र होतं आणि पोट घट्ट राहतं. पोट सावकाश निवतं, निवताना आकसतं आणि त्याला उभ्या चिरा पडतात. म्हणजे ४७ च्या खालचा काळा पाषाण आणि ३३ ते ४७ मधला मांजऱ्या हे दोन वेगळे खडक नाहीत. ते एकाच प्रवाहाचं पोट आणि डोकं आहे. दोन्ही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा खडक.

त्या डोक्यावर पुढचा प्रवाह लगेच आला नाही. मधल्या काळात ऊन-पावसानं वरचा भाग कुजला, त्यातलं लोह गंजलं आणि लाल माती झाली. मग तिच्यावर पुढचा प्रवाह आला आणि त्यानं ती वरून भाजली. गेरूचे वरचे दोन-चार इंच विटेसारखे कडक आणि जास्त तांबडे, आणि खाली उतरत जाल तसा रंग फिका होऊन मांजऱ्यात मिसळलेला दिसला, तर हीच गोष्ट झाली असं समजा.

३१ ते १५ फूट हे वरच्या प्रवाहाचं पोट. मग त्याचं डोकं कुठे गेलं? तुम्ही कांद्याच्या पापुद्र्यांचे धोंडे लिहिलेत, त्यात उत्तर आहे. असे धोंडे घट्ट, चिरा पडलेला पाषाण कुजताना होतात. पाणी चिरांतून आत शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि मधला गाभा गोल राहतो. मांजऱ्या कुजला तर असे गोळे होत नाहीत, त्याचा पांढऱ्या दाण्यांचा भुसभुशीत मुरूम होतो. तेव्हा तुमचा मुरूम हा पोटाचाच कुजलेला भाग आहे, आणि त्या प्रवाहाचं डोकं झिजून कधीच वाहून गेलंय.

आता पाण्याचं. मांजऱ्यात भोकं दिसतात म्हणून त्यात पाणी असेल असं वाटतं, पण ही भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि तुमच्याकडे तर ती खनिजांनी भरलीत. पाणी चालतं चिरांतून, कुजलेल्या पट्ट्यातून आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावरून. तुमच्याकडे वरच्या पाषाणातल्या उभ्या चिरांतून पाणी उतरतं आणि गेरूच्या चिकणमातीवर अडतं, म्हणून पाझर ३१ वर आहे. ४७ च्या खाली घट्ट पोट आहे. त्यात चांगली चीर लागली तर ठीक, नाही तर खोली वाढवून साठवण वाढेल, आवक वाढेलच असं नाही. पावसाळ्यानंतर विहीर उपसून किती तासांत किती फूट भरते ते मोजा आणि मग खोलीचं ठरवा.

एक काम मात्र पुढे ढकलू नका. गेरू उघडा ठेवू नका. तो ओला झाला की फुगतो, वाळला की तडकतो आणि थोडा थोडा सुटून पडतो. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे खोबण होते आणि वरच्या १६ फूट पाषाणाचा आधार जातो. उभ्या चिरांमुळे तो पाषाण ठोकळ्या-ठोकळ्यांनीच खाली येतो. गेरूच्या एक फूट खालून एक फूट वरपर्यंत बांधकामाचा पट्टा घ्या. त्याच्या मागे खडी भरा आणि दर तीनेक फुटांवर दोन इंची पाइपचे तुकडे विहिरीच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा. पाइप न ठेवता सिमेंटनं गच्च बांधलंत तर पाझरच बंद कराल, आणि मागे साचलेलं पाणी बांधकाम ढकलेल ते वेगळंच. याच विहिरीत पुढे आडवे-उभे बोअर घेणार असाल तर तिथेही गेरू फुगून बोअर बुजवतो, हे यंत्रवाल्याला आधीच सांगा.

यवतेश्वर, सातारा

कातळरेघ यांनी सांगितलंय ते बरोबर, फक्त गेरूबद्दल एक भर घालतो. प्रत्येक गेरू कुजलेल्या खडकाचाच असतो असं नाही. काही थर ज्वालामुखीच्या राखेचे असतात, नंतर कुजून लाल झालेले. फरक बघायचा तो खालच्या सांध्यावर. खालचा मांजऱ्या हळूहळू लाल होत गेला असेल, लाल मातीत मांजऱ्याचे अर्धवट कुजलेले खडे आणि तेच पांढरे दाणे सापडत असतील, तर माती जागेवर तयार झाली. खाली एकदम रेघ मारल्यासारखी हद्द असेल आणि मातीत बारीक आडवे पदर असतील, तर राख किंवा वाहून आलेला गाळ असण्याची शक्यता जास्त.

हेच थर मोठ्या मापात बघायचे तर महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट. तिथे एकावर एक प्रवाह असे बसलेत की भूशास्त्रात थरांच्या गटांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं या घाटावरूनच पडली आहेत, आणि या साऱ्यांच्या मोठ्या गटाचं नाव वाई उपगट. सगळ्यांत वर जांभा. पाचगणीचं टेबल लँड आणि कासचं पठार ही त्या जांभ्याचीच टोपी आहे. मुसळधार पाऊस आणि मग कडक कोरडा काळ असं लाखो वर्षं चाललं की बेसॉल्टातली सिलिका धुऊन जाते आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं. जांभा आणि गेरू दोन्ही लाल, पण त्यांची गल्लत करू नका. जांभा माथ्यावर असतो, भोकाभोकांचा आणि उघडा पडला की कडक होणारा. गेरू थरांच्या मध्ये असतो आणि उघडा पडला की सुटून पडतो.

कृष्णाकाठ, सांगली

स्फटिकांचं मी सांगतो. पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. एकच खनिज पांढरं, गुलाबी, पिवळसर असं सगळं असू शकतं. बघायचं ते कडकपणा, फुटण्याची पद्धत, आम्लाचा परिणाम आणि घनता, याच क्रमानं.

कडकपणासाठी लोखंडी खिळा, चांगल्या पोलादाचा चाकू आणि खिडकीच्या काचेचा तुकडा एवढं पुरे. पुस्तकात तांब्याचं नाणं लिहिलेलं असतं, पण आजची नाणी नुसत्या तांब्याची नसतात, त्यावर विसंबू नका. मोटार रिवाइंडिंगची जाड तार वार्निश खरवडून घेतली तर तांब्याचं काम भागतं. मोहसच्या मापात, म्हणजे कडकपणाच्या १ ते १० या मापात, तार साधारण ३, खिळा ४ ते ४.५, काच आणि चाकू ५.५ च्या आसपास. तुमच्या पोकळ्यांत जे निघू शकतं त्यात कॅल्साइट ३, स्टिल्बाइट आणि हेयुलँडाइट ३.५ ते ४, अपोफिलाइट ४.५ ते ५, स्कोलेसाइट ५ ते ५.५, आणि क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी ७. म्हणून काचेवर ओरखडा काढेल ती गारगोटी. खिळ्यानं सहज चरा पडेल ते कॅल्साइट किंवा स्टिल्बाइट-हेयुलँडाइट.

चूक कुठे होते तेही सांगतो. खिळा घासल्यावर रेघ दिसली की लोक चरा पडला म्हणतात. ओल्या बोटानं पुसून बघा. रेघ पुसली गेली तर ती खिळ्याच्या धातूची होती, म्हणजे दगडच खिळ्यापेक्षा कडक. नखानं चाचपून खाच लागली तरच तो चरा. आणि घासायचं ते मागच्या, ताज्या फुटलेल्या बाजूला. वरचा कुजलेला पापुद्रा कुठल्याही दगडाचा मऊच लागतो.

आकाराचं बघा. तुम्ही म्हणताय तो गुलाबीसर पसरट स्फटिक जवळून पाहा. कडब्याची पेंढी मध्ये बांधल्यावर दोन्ही टोकांना फुलते, तसा दिसतोय का? आणि सपाट बाजू मोत्यासारखी चमकतेय का? तसं असेल तर तो स्टिल्बाइट. हेयुलँडाइटही तसाच चमकतो, पण त्याची पाती सुटी असतात, मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळती. चौकोनी टोकांचा बहुतेक अपोफिलाइट. त्याच्या चौकोनी डोक्याशी समांतर तो सरळ ताटलीसारखा फुटतो, आणि मोत्याची चमक फक्त डोक्यावरून दिसते, बाजूंना काचेची. काचेसारखा जो आहे तो कॅल्साइट की गारगोटी हे फुटलेल्या तुकड्यावर ठरतं. कॅल्साइट फुटला की तिरप्या ठोकळ्यांत फुटतो, कोन साधारण ७५ आणि १०५ अंशांचे. गारगोटीला असे सपाट फुटीचे प्रतलच नाहीत, ती बाटलीची काच फुटावी तशी वक्र फुटते. स्वच्छ कॅल्साइट पेनच्या रेघेवर ठेवला तर एका रेघेच्या दोन दिसतात.

पीठ झालेला स्फटिक हा लॉमोंटाइट असणार. त्याच्या जडणीत पाणी असतं. पोकळीतल्या दमट हवेतून तो कोरड्या हवेत आला की त्यातलं थोडं पाणी उडतं आणि तो आपोआप भुसभुशीत होतो. पुढे असा निघाला तर ओलसर असतानाच झाकणाच्या बरणीत ठेवा. उन्हात तर ठेवूच नका.

हे सगळे लाव्हाबरोबर आले नाहीत. लाव्हा निवल्यावर गरम पाणी खडकातून मुरत राहिलं, त्यानं बेसॉल्टातलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून घेतलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर एकेक खनिज साचवलं. हिरवा लेप भिंतीला चिकटलेला आहे म्हणजे तो आधीचा, आणि त्याच्यावर बसलेले स्फटिक नंतरचे. हा लेप सेलाडोनाइट, अभ्रकाच्या कुळातलं मऊ खनिज. त्याचा हिरवा रंग लोहाचा आहे, तांब्याचा नाही.

स्टिल्बाइट, हेयुलँडाइट, स्कोलेसाइट, लॉमोंटाइट ही सगळी झिओलाइट कुळातली. हे नाव १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञानं दिलं, अर्थ ‘उकळणारा दगड’. तापवल्यावर दगडाला फेस येऊन पाणी सुटताना त्यानं पाहिलं होतं. शाळेतली कोरडी परीक्षानळी घ्या, तळाला ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा टाका, नळी आडवी तिरपी धरून तळ तापवा. झिओलाइट असेल तर वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब धरतात. अपोफिलाइटही पाणी सोडतो, कारण त्यातही पाणी आहे, जरी तो झिओलाइट नसला. गारगोटी आणि कॅल्साइट पाणी सोडत नाहीत. तुकडा आधी आठवडाभर सावलीत वाळलेला पाहिजे, नाही तर वरवरचं ओल बघून फसाल. गारगोटीचा तुकडा तडकून उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच.

घनता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर निघते. आधी कोरडा दगड वजन करा. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी दगडानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. स्टिल्बाइट-हेयुलँडाइट २.१ ते २.२, अपोफिलाइट २.३ ते २.४, गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७१, आणि बेसॉल्ट २.८ ते ३ च्या आसपास. दगड निदान ५० ग्रॅमचा घ्या. २० ग्रॅमच्या दगडाला काट्याची एका ग्रॅमची चूक झाली तर उत्तर २.२ चं २.५ होतं. मागे काळा खडक चिकटलेला असेल तर आकडा वाढतो, फटींत हवा अडकली तर घटतो. बुडवण्याआधी दगड पाण्याखाली बोटानं चोळून बुडबुडे काढा.

जत पूर्व

आम्लाची चाचणी कृष्णाकाठ यांनी वगळली, ती लिहितो. आपल्या भागात ठिबक धुवायला हायड्रोक्लोरिक आम्ल बहुतेक बागायतदारांकडे असतं. ते साधारण ३०-३३ टक्क्यांचं येतं. दोन भाग पाण्यात एक भाग आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही, ते उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, उघडी जागा. थेंबानं टाकायचं. कॅल्साइट लगेच फसफसतो, गारगोटीला काही होत नाही.

कॅन कशाचा आहे ते लेबलवर वाचा. काही जण ठिबकसाठी सल्फ्युरिक वापरतात. ते कॅल्साइटवर टाकलं तर क्षणभर फसफसून थांबतं, कारण वर जिप्समचा पापुद्रा धरतो, आणि तुम्ही म्हणाल कॅल्साइट नाही. व्हिनेगर वापरायचं तर दगडाची पूड करून त्यावर टाका आणि भिंगातून बुडबुडे बघा, अख्ख्या स्फटिकावर काही कळत नाही.

आणि दगड आधी धुवून घ्या. तुमच्या वरच्या ४ फुटांत चुनखडी आहे. तिची धूळ स्टिल्बाइटवर बसली असेल तर तोही फसफसल्यासारखा दिसेल. चुनखडी आणि कॅल्साइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणून आम्लाला दोन्ही सारखंच उत्तर देतात.

साफ करण्यासाठी स्फटिक आम्लात बुडवू नका. कॅल्साइट विरघळेल आणि सुयांचा स्कोलेसाइट चिकट लापशीसारखा होईल. साधं पाणी, चार थेंब भांडी घासायचा साबण आणि दात घासायचा मऊ ब्रश. सुयांना ब्रशही लावू नका, बाटलीनं पाणी सोडा फक्त.

माणगंगाकाठ, दहिवडी

सगळ्यांचे आभार. काल बसून मोजमाप केलं. पेंढीसारखा: कोरडा ६४ ग्रॅम, पाण्यात काटा २९, म्हणजे २.२१. खिळ्यानं खाच पडते, आम्लाला काही नाही, नळीत पाणी धरलं. चौकोनी टोकांचा: ७६ ग्रॅम, काटा ३२, म्हणजे २.३७. खिळ्यानं जेमतेम, चाकूनं नक्की चरा पडतो. काचेसारखा: ११८ ग्रॅम, काटा ४४, म्हणजे २.६८. हा गारगोटी की कॅल्साइट? सुयांचा झुबका १५ ग्रॅमचाच आहे, म्हणून घनता काढली नाही.

गेरूचा वरचा बोटभर भाग खरंच विटेसारखा आहे, आणि खालून तो मांजऱ्यात मिसळत गेलाय.

कृष्णाकाठ, सांगली

पहिला स्टिल्बाइट, दुसरा अपोफिलाइट, दोन्हींचे सगळे पुरावे जुळतात. तिसऱ्याला घनतेवरून निकाल देऊ नका. तुमचा काटा १ ग्रॅमचा आहे, म्हणजे ४४ हे खरं ४३.५ ते ४४.५ मध्ये कुठेही असेल. उत्तर २.६५ पासून २.७१ पर्यंत येतं, त्यात गारगोटीही बसते आणि कॅल्साइटही. हा काटा झिओलाइट वेगळा काढायला पुरतो, या दोघांना वेगळं करायला पुरत नाही. काचेवर घासून बघा आणि एक थेंब आम्ल टाका, पाच मिनिटांत उत्तर मिळेल. सुयांचा झुबका राहू द्या. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत, त्याला क्ष-किरण चाचणी लागते. चिठ्ठीवर ‘सुयांचा झिओलाइट’ एवढंच लिहा, तेच खरं आहे.

कातळरेघ, कराड

तळाशी काय आहे हा प्रश्न राहिलाच होता, तो घेतो. याचं उत्तर आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष खोदून मिळालंय.

११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला. जलाशय भरल्यावर सुरू झालेल्या भूकंपांचा जगभर अभ्यासला जाणारा तो नमुना आहे. ते भूकंप जिथे होतात तो खडक बघण्यासाठी केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयानं कोयना भागात खोल बोअर घेतले, एक तर ३ किलोमीटरचं. त्या कामाची प्रयोगशाळा इथे कराडजवळ हजारमाचीला आहे. बोअरमध्ये दिसलं ते असं: लाव्हाचे थर एकावर एक, ढोबळमानानं एक-सव्वा किलोमीटरपर्यंत, आणि मग एकदम ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे पायाचा जुना कडक खडक. मध्ये वाळू नाही, नदीचा गाळ नाही. वरचा बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि खालचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना. या दोघांच्या मधल्या एवढ्या काळाचा एकही थर तिथे शिल्लक नाही. बेसॉल्टची जाडी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे कमी होत जाते, म्हणून माणमध्ये कोयनेचाच आकडा लागू करू नका.

म्हणजे तुमच्या पाषाणाखाली गरम लाव्हा नाही. ६.६ कोटी वर्षांत तो कधीच निवला. खोलीबरोबर ऊब वाढते हे खरं. जगाची सरासरी किलोमीटरला २५ ते ३० अंश. ५४ फूट म्हणजे साडेसोळा मीटर, त्यात अर्धा अंशही वाढत नाही. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं कारण एवढ्या खोलीवर हवेचा उन्हाळा-हिवाळा पोहोचतच नाही, पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं.

ग्रॅनाइटच्या खालीही वितळलेला समुद्र नाही. आपल्याकडे कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे, आणि त्याखाली २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण. प्रावरण घन आहे. लाखो वर्षांच्या मापात ते सरकतं, एवढंच. वरच्या भागात तापलेला खडक वर चढला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की त्याचा थोडा अंश वितळतो. आपला बेसॉल्ट तिथून आला. तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आज जो तप्तबिंदू (प्रावरणातून तापलेला खडक वर येतो ती जागा) आहे त्याच्यावर होता. खरा द्रव थर २,९०० ते ५,१५० किलोमीटरमध्ये, लोखंडाचा बाह्यगाभा, आणि त्याच्या आत पुन्हा घन गाभा, ६,३७१ पर्यंत. माणसानं खोदलेलं सगळ्यांत खोल बोअर रशियात कोला इथलं, १२,२६२ मीटर, म्हणजे कवचाच्याही आतच. बाकी सगळं भूकंपाच्या लहरींवरून कळलंय. ओल्डहॅम यांनी, ज्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी केली होती, १९०६ साली लहरींच्या वेळांवरून गाभा आहे हे दाखवलं. १९३६ साली इंगे लेमान यांनी आतला घन गाभा शोधला. भूकंपाच्या दुय्यम (S) लहरी द्रवातून जात नाहीत, त्या बाह्यगाभ्यात अडतात, म्हणून तो द्रव.

तो गाभा तुमच्या दगडात नोंदला गेलाय. द्रव लोखंडाच्या हालचालीनं पृथ्वीचं चुंबकत्व तयार होतं, आणि बेसॉल्ट निवताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेनं कायमचे रुतून बसतात. दख्खनच्या बऱ्याच प्रवाहांत त्या वेळचे उत्तर-दक्षिण चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असल्याचं दिसतं. १९५० च्या दशकात या खडकांवर झालेली मोजणी भारत दक्षिणेकडून सरकत आल्याच्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक आहे.

आता एक विनंती. ३१ फुटांवर, गेरूच्या लगेच वर, पाषाणाच्या तळाच्या फुटभरात बोटासारख्या उभ्या, पांढऱ्या नळ्या दिसतात का बघा. प्रवाहाच्या तळाशी वायूचे किंवा वाफेचे बुडबुडे निवणाऱ्या लाव्हातून वर चढताना त्या होतात आणि नंतर खनिजांनी भरतात. लाव्हा सरकत असेल तर त्यांची वरची टोकं ज्या बाजूला तो चालला त्या बाजूला झुकतात.

माणगंगाकाठ, दहिवडी

काचेसारखा कॅल्साइट निघाला. काचेवर चरा नाही, थेंब टाकला की फसफसतो, आणि रेघही दोन दिसतात.

नळ्या सापडल्या! करंगळीएवढ्या जाड, सहा-सात इंच उंच. उत्तरेच्या भिंतीवर अकरा मोजल्या, त्यातल्या नऊ पूर्वेला झुकल्यात. म्हणजे लाव्हा पश्चिमेकडून आला असं धरायचं का?

कातळरेघ, कराड

फार छान. पण एका भिंतीवर धरू नका. उत्तरेची भिंत पूर्व-पश्चिम धावते, त्यामुळे तिच्यावर पूर्व किंवा पश्चिम एवढाच झुकाव दिसतो. नळी खरं तर ईशान्येला किंवा आग्नेयेला झुकलेली असली तरी या भिंतीवर ती पूर्वेलाच दिसेल. आता पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवरच्या नळ्या मोजा, तिथे उत्तर-दक्षिण झुकाव कळेल, आणि दोन्ही जुळवून खरी दिशा निघेल. प्रत्येक नळीचा उभ्यापासून झुकलेला कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाला ओळंबा लावून घ्या. होकायंत्र मोबाइलचं असो की साधं, पाषाणाला टेकवून वाचू नका. मघाच्या त्या मॅग्नेटाइटमुळे आणि विहिरीतल्या लोखंडी साहित्यामुळे सुई हलते. दिशा वर, काठापासून दहा-पंधरा फूट लांब उभं राहून घ्या आणि दोरीनं खाली भिंतीवर आणा. बांधकामाचा पट्टा घेण्याआधी हे उरका, कारण तो नेमका याच नळ्यांवर येणार आहे.